भोपळ्यातली चिठ्ठी

आमी मूळचे जतकडचे, सर, पण अब्बा मिरजंला तंबोऱ्याच्या कामाला आले आन् मी हितंच वाढलो, हितंच भोपळे घासाय लागलो, तीस वर्सं झाली, दुकान त्येच, मालक त्येच. मालकांना आमी चाचा म्हणतो, नात्यातले न्हाईत. मी शिकलो सातवीपातूर, पण लिवायची खोड लय जुनी. काय सांगू तुमाला, दिसभर भोपळा घासायचा आन् दुपारी डबा खाऊन वहीत लिवायचं, कोण गवई आला, काय बोलला, लाकूड कसं रुसतं, समदं.

त्याचं पुस्तक व्हावं असं वाटाय लागलं. वहीची नक्कल करून पुण्याच्या एका प्रकाशकाला तीनदा धाडलं. वाचलं का न्हाई ठावं न्हाई, तिन्ही बारीला एकच इचारणं, आधी कुठं छापून आलंय का, तुमी कोण, तुमाला कोण वळखतं. आता मला कोण वळखणार, सांगा. आमच्यात रीत अशी की तंबोरा घडवतात चार जणांचे हात, पण आत चिठ्ठी चिकटती दुकानाची, चाचांच्या नावाची, आन् गिऱ्हाईक ती चिठ्ठी वाचूनच इस्वास ठेवतंय. मला वाटलं कागदालाबी तसंच चालत असंल. चौथ्या बारीला पयल्या पानावर ती चिठ्ठी चिकटवली, माझं नाव घातलंच न्हाई, आन् दिलं धाडून. लबाडी म्हणून न्हाई, खरंच सांगतो, हाताला सवयच ती.

पंधरा दिसांनी दुकानात पत्र आलं, चाचांच्या नावानं. पोस्टमननं माझ्याच हातात दिलं. मी फोडलं. प्रकाशकानं लिवलेलं, तुमचं लिखाण आवडलं, तुमच्या नावानं पुस्तक काढतो. आठ दिस ते पत्र खिशात घेऊन हिंडलो, जेवण जाईना. गप बसलो तर माझं पुस्तक दुसऱ्याच्या नावावर जातंय, बोललो तर चाचा वही वाचणार, आन् वहीत लिवलेलं की चाचांनी एकदा तडा गेलेला भोपळा बुजवाय लावून, वर रंग मारून, नवा तंबोरा म्हणून एका गवयाला दिला. बुजवलेला मीच. ह्या वयात कामावरनं काढलं तर जायाचं कुठं, दुसरं काय येतंय मला? बायको म्हणाली, आवं, रोज रोज मरण्यापरीस एकदा सांगून मोकळं व्हा.

सांगितलं. वही आन् पत्र चाचांच्या म्होरं ठेवलं. चाचा म्हणाले, वाच, समदं वाच. तड्याच्या पानापाशी मी वही मिटाय लागलो. थांबू नगो, म्हणाले. वाचलं. चाचा नुस्तं एका भोपळ्यावर बोट वाजवत बसले, आन् मला वाटलं, संपलं आता. मग त्यांनीच प्रकाशकाला फोन लावला, लिवणारा मी न्हाई, आमचा कारागीर हाय म्हणून. तिकडनं इचारलं, हे आमी कसं मानायचं, लिहून द्या.

तीस वर्सांत चाचांनी कुणा कारागिराला सही करून कागद दिलेला मी बघितला न्हाई. त्या दिशी दिला, माझं नाव घालून. हे समदं दस्तगीरनं लिवलंय, माझा एक शब्द न्हाई. तड्याच्या भोपळ्याचं लिवलंय, तेबी खरं हाय.

कागद जाऊन म्हैना झाला, उत्तर न्हाई. पोस्टमन दिसला की हातातला भोपळा ठेवून उठतो अजून. आता भ्या माझ्या पुस्तकाचं कमी, चाचांचं जास्त हाय, तो कागद बाहीर कुणी वाचला तर दुकानाचं नाव जाईल, आन् ते माझ्यापायी. काल म्हणलं, चाचा, तो कागद परत मागवू का? वर बघितलंबी न्हाई त्यांनी. म्हणाले, गप भोपळा घास. अल्ला त्यांना लय आयुष्य देवो.