चार मार्कांचं गाव

...आन वर मलाच इचारतात, 'कवीला काय म्हणायचे आहे?' आता मला सांगा राव, कवीला काय म्हनायचंय ते कवीला इचारा की! घरी फोन असंल त्याच्या, लावा आन इचारा! मी जानकू, नारायणगावच्या मार्केटात टमाट्याचे क्रेट उचलनारा हमाल. मला काय म्हनायचंय तेच मला धड सांगता येत न्हाई, आन मी दुसऱ्याचं सांगू? तेबी आठ ओळीत? तेबी चार मार्कांत?

तुमाला सांगतो, मला काय शिक्षनाची हौस आली नव्हती. पन त्र्याण्णव सालात आमचं गाव धरनात गेलं. आमी तळेघरच्या बाजूची, डोंगरातली मानसं, भात आन नाचनी पिकवनारी. सरकारनी उचलली आन पिंपळवंडीकडं माळावर आनून ठिवली. वसाहत म्हनायचं त्याला. तवा मी नववीत व्हतो, शाळा सुटली ती सुटलीच. आन बदल्यात काय? एक दाखला. प्रकल्पग्रस्ताचा! घरटी एकाला सरकारी नोकरी, शिपायाची का व्हईना... फकस्त दहावी पास पायजे. सात वर्सं त्यो दाखला आमच्या आईनं, चिमाबाईनं, ट्रंकेत लुगड्याच्या घडीत जपला. म्हनली, "जानकू, वय निघून चाललंय. बस परीक्षेला." बसलो. सतरा नंबरचा फॉर्म भरला. मास्तर कोन? माझी भाची प्रतिभा! बहिनीची पोर, आमच्याकडं शिकायला ऱ्हायलेली, तीबी दहावीला. मामा आन भाची एकाच इयत्तेत, एका पुस्तकात दोन डोकी.

आन त्या पुस्तकात पद्य विभाग. चौदा कविता! तेरा बऱ्या हायेत, मी खोटं बोलनार न्हाई. एक फुलपाखराची, एक सैनिकाची, एक आईची, काय तक्रार न्हाई. पन चौदावी... चौदावी निघाली पान्यात गेलेल्या गावाची. कवी कुठंतरी धरनावर फिरायला गेला असंल, होडीत बसला असंल, भजी खाल्ली असतील, आन सुचली. ऐका:

'तळाशी निजले गाव माझे, ओढुनी निळे पांघरूण,
अजून वाजते घंटा तेथे, बुडल्या देवळामधून...'

'गाव माझे' म्हनतो! सातबाऱ्यावर नाव हाये का त्याचं? निळं पांघरून म्हनं! आवो, पयल्या वर्साचं पानी ते, चहावानी दिसत व्हतं, त्यात पेंढा, गवऱ्या आन कुनाचं तरी कोंबड्यांचं खुराडं तरंगत व्हतं. आन घंटा? घंटा तर आमीच काढून आनली! गेणभाऊ म्हंजे आमचा शेजारी, त्यानं देवळात शिडी लावली, मी खाली शिडी धरली, घंटा काढली, पोत्यात गुंडाळली आन ट्रकमधी घातली. आज ती वसाहतीच्या शाळेत तास वाजवती. मग पान्यात कुठली घंटा? पन हे प्रतिभाला सांगावं तर ती कंबरेवर हात ठिवून, अगदी त्यांच्या सरांसारखी मान वाकडी करून, "मामाऽऽ! तुम्हाला काय वाटतं ते विचारलेलं नाही. कवीला काय म्हणायचे आहे, ते लिहायचं!"

रोज सांच्याला ओट्यावर बसून मी घोकायचो. अजून वाजते घंटा तेथे, अजून वाजते घंटा तेथे... आन चुलीपुढं बसलेली आई ऐकायची. पाचव्या दिशी भाकरी थापता थापता हात थांबला तिचा. "जानकू, पुस्तकात खरं लिवत्यात न्हवं?" म्हनलं, खरं नसतं तर सरकारनी छापलं असतं का? आरं, कुठनं बुद्धी झाली आन बोलून गेलो! आई म्हनली, "घंटा तर आपल्यापाशी हाये. मग तिथं कोन वाजवतंय?"

म्हनलं, आगं, कविता हाये ती. "कविता हाये, पन वाजवतंय कोन?"

दुसऱ्या दिसापास्नं सुरू झालं. शाळेचे तास आठ, आईनं मोजले नऊ. रविवारी शाळेला कुलूप, आन आई ज्वारी निवडता निवडता मान वर करून म्हनती, "वाजली." मी म्हनलं भास हाये. पन तुमाला सांगतो राव, भर दुपारी मार्केटात, इकडं ट्रकचा हॉर्न, तिकडं अडत्याची बोंबाबोंब, माझ्या खांद्यावर क्रेट, आन मधीच... टन्न. अशी, लांबनं, पान्यातनं आल्यासारखी. क्रेट पडला खांद्यावरनं. अडत्या वरडला, "जानक्या, चढलीय का दुपारीच?" म्हनलं, न्हाई शेठ, कविता हाये. आता अडत्याला काय कळनार, कवीला काय म्हनायचंय!

मार्चात पेपर आला, आन प्रश्न त्योच. रेघ मारून दिलेल्या त्याच दोन ओळी. चार मार्क. माझं डोकंच फिरलं. म्हनलं, मिटवू एकदाचं! लिहिलं: 'कवी इथे चुकला आहे. पाणी निळे नव्हते. घंटा आम्ही काढून आणली आहे, सध्या शाळेत आहे, कोणीही येऊन बघावी. देवळाचे तोंड कुठल्या दिशेला होते, दरवाजाची लाकडे कुणाची कुठं गेली...' आशी तीन पुरवन्या भरल्या. सही करून गेणभाऊला साक्षीदार बी घातला! आन वीस मार्कांचा निबंध राहिला. आता रिझल्ट ऐका. गनितात पास. इंग्रजीत, इंग्रजीत राव, पास! आन मराठीत सव्वीस. ज्या भाषेत मी झोपेत शिव्या देतो त्या भाषेत मी नापास!

पन रिझल्टच्या आधी मे महिन्यात आई आडून बसली, मला गाव बघायचंय. घेऊन गेलो. जीप, मग एस्टी, मग पायी. पानी हटलेलं. नुसता चिखल, त्याला भेगा, आन मधी देऊळ उभं. आत घंटंचं नुसतं कडं. मी म्हनलं, बघ आई, घंटा हाये का? न्हाई ना? झालं समाधान? आईचं ध्यान देवळाकडं नव्हतंच. ती खाली बघत व्हती, जिथं आजून पानी व्हतं, आमच्या खाचराकडं. म्हनली, "जांभळ दिसत न्हाई आजून."

मला माहीत व्हतं, राव. सांगितलं न्हाई तुमाला, कारन आमच्यात त्याचं कोन बोलत न्हाई. माझ्या आधी एक बहीन व्हती मला. साळू. दोन वर्सांची असताना तापानं गेली. बारक्या लेकराला काय जाळत न्हाईत, त्या जांभळीखाली पुरली. गाव उठलं तवा आमी देव आनले, दारं आनली, चौकटी आनल्या, आढं आनलं, जात्याच्या दोन्ही तळ्या आनल्या. गेणभाऊनं तर उकिरड्याचं खत बी आनलं ट्रकमधी! साळूला कोन आननार? कशी आननार?

आई म्हनली, "देवळात नेली की घंटंला झोंबायची. उचलून घ्यावं लागायचं, हात पोचायचा न्हाई." मग तिनं देवळाच्या भिंतीवर पान्याचा डाग बघितला, पार कड्याच्या वर गेलेला. बघत ऱ्हायली. मग म्हनली, "आता पोचत आसंल." मी तिला धरून चिखलातनं वर आनली. त्या दिसापास्नं आईनं इचारायचं सोडलं, कोन वाजवतंय ते. तिला कळलं व्हतं.

आन मी आलो घरी, बसलो आक्टोबरला. पुन्हा प्रश्न त्योच! परीक्षा घेनाऱ्याला दुसरी कविता सापडंना का? कवीला काय म्हनायचंय, आरं कवीला काय म्हनायचंय! मी ठरवून गेलो व्हतो की साळूचं लिहायचं. पन सुरवात कुठनं करायची? देव आनले तिथनं केली. देव, दारं, चौकटी, आढं, जातं, गेणभाऊचं खत... खतापाशी आलो आन टोला पडला, येळ संपली. पेपर वढून घेतला. निबंध गेला, साळू बी गेली. मार्क किती? सव्वीस. ह्या बाबतीत बोर्डाचा हिशेब पक्का हाये.

घरी सांगितलं, आन आईनं तेवढंच धरलं. "तिचं नाव ऱ्हायलं म्हून नापास झालास. औंदा पयलं तिचं लिही, मग काय ते बाकीचं." प्रतिभा तवर पास होऊन अकरावीला गेलेली, ती कपाळाला हात लावून म्हनती, "आज्जी, पेपर तपासणाऱ्यांना काय माहीत साळू कोण!" आई म्हनली, "म्हूनच लिवायचं ना." घ्या! आता ह्याच्यावर कुठलं गाईड हाये तुमच्याकडं?

मार्च दोन हजार एक. तिसरी टाईम. जूनमधी शिपायांची भरती, आन दाखल्याची मुदत त्याच वर्सात संपनार. म्हंजे आता न्हाई तर कवाच न्हाई. प्रतिभानं माझ्याकडनं गाईडातलं उत्तर घोटून घेतलं, शंभर येळा. 'घंटेचा नाद हे गावाच्या चिरंतन स्मृतीचे प्रतीक आहे. स्वतः बुडून इतरांची तहान भागवणारे हे गाव आता समाधानाने निजले आहे, असे कवीला सुचवायचे आहे.' आन निघताना आईनं हातावर दही घातलं, म्हनली, "लिवशील ना?" म्हनलं, लिहीन. शपथ घातली न्हाई तिनं. घातली असती तर बरं झालं असतं.

पेपर हातात आला. बघू वाटंना. बघितला. हायेच! त्याच ओळी. तुमाला सांगतो, माझ्या कानात टन्न, टन्न, आन वर्गात तर पंख्याचा आवाज. पेन टेकवलं. 'सा' लिहिलं. मोठा सा, ठसठशीत. आन थांबलो. त्या 'सा'कडं बघत बसलो. समोर दाखला दिसायला लागला, खांद्याला क्रेटचा घट्टा लागायला लागला, मुदत दिसायला लागली. पाच मिंटं गेली आसतील... मग त्या 'सा'च्या पुढं 'रांश' जोडलं. 'सारांश असा की, घंटेचा नाद हे चिरंतन स्मृतीचे प्रतीक आहे.' आठ ओळी. गाव समाधानानं निजलंय म्हून माझ्या हातानं लिहून दिलं. मग निबंध लिहिला. 'माझा आवडता ऋतू'. लई चांगला लिहिला.

एक्केचाळीस मार्क! पास! त्या निजल्या गावाचे चारच्या चार दिले असतील त्यांनी. जूनमधी नोकरी लागली. पाटबंधाऱ्याचं आपिस, खाकी कपडे, फायली ह्या टेबलावरनं त्या टेबलावर. पन रिझल्टच्या दिशी काय झालं ते ऐका. आई दारात उभी. "लिवलंस?" आन मी... मी म्हनलं, "लिहिलं." आईनं पेढा मोडून देवापुढं ठिवला, दुसरा अर्धा पाटात सोडला, जिकडं धरनाचं पानी येतं त्या पाटात. म्हनली, "बग. वाचलं त्यांनी. साळूचं नाव वाचलं आन पास केलं." त्या दिसापास्नं आई निवांत. तास मोजती ते आठच. रविवारी ज्वारी निवडती, मान वर करत न्हाई. घंटा आता मला ऐकू येती, रोज आपिसात, साहेब बेल मारतो त्याच्या मागनं.

आन एवढ्यावर भागलं असतं तरी मी गप बसलो असतो. पन आईनं सगळ्या वसाहतीत सांगितलं, जानकूनं पेपरात साळूचं नाव घातलं आन सरकारनी मान्य केलं! झालं. पयला आला गेणभाऊ. हाच शिडीवाला. टोपी हातात घिऊन. "जानकू, आमच्या आबाची समाधी बी तिथंच ऱ्हायली रं. पुढच्या टायमाला त्याचं बी नाव घाल." म्हनलं, आवो, मी पास झालो, आता पुढची टाईम कशाची? "का, बारावी नसती का?" मग कोंडाबाई आली, तिचं लेकरू. मग कुशाबाई, तिची सासू. कागद केलाय मी राव, अकरा नावं झाली. कुनाला सांगू की मी पयलंच नाव लिहिलं न्हाई म्हून? कुठल्या तोंडानं सांगू? साहेब म्हनतात, "जानकू, बारावी काढ, क्लार्क करतो तुला." साहेबाला वाटतं मानूस हुशार हाये.

मग भरला बारावीचा फॉर्म. सतरा नंबर. कविता फुलपाखराची असू दे न्हाई तर सैनिकाची असू दे, कवीला काय म्हनायचंय ते ह्या येळी मी बघनारच न्हाई. पयलं नाव साळू, मग गेणभाऊचा आबा, मग बाकीची, वळीनं. प्रतिभा म्हनली, "मामा, असं लिहिलंत तर नापास व्हाल." म्हनलं, माहीत हाये गं. पास होऊन बघितलं की एकदा.