कार्ल लुईसला कोण जोडाल?

डॉक्टर, पक्षाघातानं वाचा गेलेल्या त्या म्हाताऱ्या बस ड्रायव्हरला तुम्ही चमच्याचं आणि कुलपाचं चित्र दाखवलंत. तो गप्प राहिला, तर ‘सुधारणा नाही, उपचार बंद’ असं लिहून मोकळे झालात. नंतर बाहेरच्या बाकावर त्याच्या बायकोनं काय केलं, ते मी, तुमच्याच वॉर्डची नर्स, शेजारी बसून ऐकलंय.

“तोंड पाडू नका हो. चला, आपला खेळ. नावाला नाव जोडायचं, पहिलं नाव तेच, माणूस दुसरा. तो धावणारा कार्ल लुईस.”

“का... कार्ल... बेंझ.”

“बेंझ म्हणजे तो टेलिफोनवाला ना?”

“मोटार! मोटारवाला! टेलिफोन... बेल. अलेक्झांडर बेल.”

“बरं, बरं, ओरडू नका. मग त्या अलेक्झांडरला कोण जोडाल?”

“फ्ले... थांब. सांगू नकोस. फ्लेमिंग.”

“हा कोण आणखी? गवंडी?”

“पेनिसिलिन! तुला ना... काही म्हणजे काही येत नाही.”

“येत असतं तर तीस वर्षं तुमच्याच बसवर कंडक्टर राहिले असते का? प्रत्येक सिग्नलला मला हरवायचात.”

“आत्ता पण... हरलीस.”

“हरले बाई! पण मग आत दातखीळ का बसली होती?”

“त्यानं चमचा दाखवला. चमच्याला... कोण जोडायचं?”

दोघं कितीतरी वेळ हसत होती, डॉक्टर. सोमवारी त्याला पुन्हा तपासायला घेणार आहात की नाही? हो किंवा नाही, एवढंच सांगा.