खुर्चीच्या पायाला केलेला नमस्कार

आदरणीय अध्यक्ष, म्हणजे आपले शिंपीकाका. शेजारी बसलेले बुवा. ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो त्या आपल्या पेटीवादक. दुसऱ्या रांगेतले त्यांचे होणारे यजमान. आणि पार जिन्यापर्यंत उभ्या असलेल्या भजनी मंडळींनो,

गेल्या गुरुवारी याच खोलीत, भजन संपल्यावर, मी एका खुर्चीच्या पायाला नमस्कार केला. तिथून माझं सगळं बदललं. हसा, हसून घ्या. मलाही हसू आलं, पण फार उशिरा.

पाहुण्यांसाठी सांगतो. आपल्याकडे शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडतात. लहान-मोठा, आवडता-नावडता काही नाही. वाकायचं आणि पुढच्याकडे सरकायचं. मी इथे आलो तो प्राचार्यांशी भांडून, कॉलेज अर्धवट सोडून. वाकणं माझ्या हाडातच नव्हतं. रस्त्यावरून जाताना पेटी ऐकू आली आणि जिना चढलो. पेटीसाठी की पेटीवालीसाठी, हे बुवांनी तेव्हाच विचारायला नको होतं का?

सगळे त्यांना ताई म्हणतात. मी एकदाही म्हटलं नाही. हे ज्यांच्या लक्षात आलं आणि तरी जे गप्प राहिले, त्यांचे आभार.

तर त्या दिवशी कळलं, त्या लग्न करून दूर चालल्या. रांगेत समोर आल्या. एरवी मी लांबूनच हात जोडून सटकायचो. त्या दिवशी गुडघे टेकले, कपाळ फरशीला लावलं. वाटलं, आता खांद्याला हात लागेल, 'उठा' म्हणतील, निदान काहीतरी बोलतील. वाट पाहिली. मान वर केली तर समोर खुर्चीचा पाय! रीतीप्रमाणे त्या केव्हाच पुढे सरकल्या होत्या. मागून खजिनदार मावशी म्हणाल्या, "अगं बाई, पोरगा किती लीन झालाय बघा!"

मावशी, तुमच्या त्या वाक्यामुळेच आज नम्रतेवर बोलायला मला उभं केलंय. घ्या आता.

मी बुवांना जिन्यात गाठलं. "इतकी भजनं म्हटली, एकच गोष्ट मागितली. तुमचा देव बहिरा आहे का?"

बुवा चपला शोधत होते. "ओरडू नकोस, खाली लॉन्ड्रीत गिऱ्हाइकं आहेत. वाकला होतास की हात पसरला होतास?"

"दोन्ही."

"एका वेळी एक कर. मूर्तीपुढे वाकतोस, ती उठवते का तुला?"

"नाही."

"मग तिच्यावर चिडतोस?"

"ती दगडाची आहे, बुवा!"

"आणि ही जिवंत आहे, हा हिचा गुन्हा का रे गाढवा? कुणी उठवलं नाही, तरी उठलास ना? झालं तर मग. जा घरी."

गेलो. घर म्हणजे एक खोली, एक पलंग आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचा टीव्ही. भांडायलाही कुणी नाही. देवाच्या तसबिरीपुढे उभा राहिलो, मागायला तोंड उघडलं आणि मागण्यासारखं काही उरलंच नव्हतं. मग नुसताच वाकलो. हलकं वाटलं वगैरे खोटं सांगणार नाही. फार एकटं वाटलं. पण आपल्याला कुणी पाहिलं का, म्हणून मागे वळून बघितलं नाही. माझ्यासाठी हेही पुष्कळ झालं.

आज पुन्हा तीच रांग लागेल. यजमान, रांगेत तुम्हीही आहात. तुमच्याही पाया पडेन. दातओठ न खाता जमावं, एवढा आशीर्वाद बुवांनी द्यावा.

अध्यक्षांनी परवानगी द्यावी, रांग आज मी सुरू करतो. आधी पेटीवादकांपाशीच वाकतो आणि लगेच पुढे सरकतो. त्यांना काही बोलावं लागू नये, म्हणून थांबणार नाही. आपण सगळ्यांनी ऐकून घेतलंत, ऋणी आहे. तोंडातून काही वेडंवाकडं गेलं असेल तर ते माझ्या स्वभावाच्या खाती टाका, पेटीला बोल लावू नका.

सगळ्यांपाशी वाकून झालं की मी निघेन; तुम्ही बसून राहा, मला पोचवायला कुणी उठू नका. दार मी बाहेरून ओढून घेतो.