‘स’चे खिळे

पुस्तकबांधणीच्या रांगेत माझ्यापुढे प्रबंध कवटाळून एक मुलगी उभी होती, सोबत तिचे म्हातारे मामा, एकेकाळी शाळेत छपाईचे खिळे जुळवणारे.

“मामा, आज हा जमा केला की मी सुटले. तुमच्या शाळेच्या वर्तमानपत्रातून शोधलंय, सुतारकाम बंद पडून लाकूडकाम सुरू झालं.”

“बंद कसलं, बाई? दोन्ही एकच. आमच्या छपाईच्या वर्गातले ‘स’चे खिळे हरवले होते.”

“अहो, त्यावर अख्खं प्रकरण आहे माझं.”

“मग गाळ की. दुसरी आहेत ना?”

“मामा, ‘सुट्टी’ कशी छापलीत हो?”

“छापलीच नाही. पोरं उन्हाळाभर वर्गात बसली. का गं?”

“दुसरं प्रकरण. ‘सुट्टी नाकारणारी पिढी’.”

रांग सरकली. भाची वळून मला म्हणाली, “आजोबा, तुम्ही व्हा पुढे.”