धोका मिटला

(पेडणे. डोंगर कापून उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या कामावरचं पत्र्याचं ऑफिस. कंत्राटदार कृष्णनाथ आणि त्याची साइट इंजिनिअर सिद्धी.)

सिद्धी : धोक्यांची नोंदवही बघितली मी, काका. सातवी नोंद. 'कापलेली कड ढासळू शकते.' पुढे लिहिलंय, 'आधार दिला, धोका मिटला'. खाली माझी सही.

कृष्णनाथ : बस गो बाये आधी. चाय घे.

सिद्धी : आधार दिलाच नव्हता. म्हणून तर सोमवारी कड खाली काम करणाऱ्या विठ्ठलवर आली.

कृष्णनाथ : देणार होतो. साखळी गावाहून लोखंड यायचं होतं. पावसाआधी पाया भरला नसता, तर काम दसऱ्यापर्यंत लटकलं असतं.

सिद्धी : मी लिहून दिलं होतं, आधार लागेपर्यंत खाली माणूस उतरवू नका.

कृष्णनाथ : वाचलं मी. पंचवीस वर्षं डोंगर कापतोय. मातीला हात लावला की कळतं मला.

सिद्धी : मी पणजीला निघाले होते. तुम्ही कोरे कागद पुढे केलेत, हजेरीचे म्हणून. बाबांचे मित्र तुम्ही. न विचारता सह्या केल्या मी, आणि तुम्ही माझं पान काढून त्यातलाच एक कागद वहीत लावलात.

कृष्णनाथ : हे बघ, माझा परवाना गेला तर चाळीस माणसं घरी बसतील. तुझं काय? नवीन पोर, अंदाज चुकला म्हणतील. ताकीद देतील, मागीर विसरतील.

सिद्धी : काल हॉस्पिटलात जाऊन आले. विठ्ठलचा पाय गुडघ्याखाली काढला.

कृष्णनाथ : कळलं मला.

सिद्धी : तो उतरायला तयार नव्हता. तुम्ही त्याला ते पान दाखवलंत. म्हणालात, बायेची सही आहे, बघ. मग उतरला.

कृष्णनाथ : तो म्हणाला असं?

सिद्धी : हो. माझ्यावर रागावलासुद्धा नाही.

कृष्णनाथ : उद्या चौकशीचे साहेब येतील. काय सांगणार तू?

सिद्धी : त्यांना सांगून आले, सकाळीच. माझ्या मूळ पानाचा फोटो मोबाइलवर होता. कोऱ्या कागदावर सही केली, हेही सांगितलं. ती चूक माझीच.

कृष्णनाथ : मग तुझीही नोकरी गेली म्हणून समज.

सिद्धी : समजले.

कृष्णनाथ : गोकुळदासाला सांगितलंस?

सिद्धी : सांगितलं. बाबा आईला म्हणाले, अवंदा चतुर्थीला कृष्णनाथाकडे आरतीला जायचं नाही.