डेल्मरची बंदूक

आजच्या सभेच्या अध्यक्ष आणि आपल्या ठासणी-बंदूक मंडळाच्या प्रमुख श्रीमती बर्निस नेपियर, व्यासपीठावरील आदरणीय पाहुणे रेव्हरंड एल्बर्ट हॉल, आजचे सत्कारमूर्ती श्रीयुत ओरेन कॉम्ब्स, आणि केंटकीच्या या डोंगरातले वळणावळणाचे रस्ते तुडवत अगत्याने आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

अध्यक्षबाईंनी मला ओरेनच्या गौरवाचे चार शब्द बोलायला सांगितलं आहे. आणि ओरेनने काल मला पोस्टाच्या दारात गाठून दम दिला आहे. "लूथर, गौरव केलास तर मी उठून जाईन. डेल्मरचं सांग. मी ओहायोला लेकीकडे जायच्या आधी ते सगळ्यांसमोर एकदा बोललं गेलं पाहिजे. मला स्वतःला जमणार नाही." आता मी कुणाचं ऐकावं? अध्यक्षांची क्षमा मागून मी सत्कारमूर्तीचं ऐकतो. आणि शाळेपासूनच्या दोस्ताला अहो-जाहो करणं मला जमायचं नाही, तेव्हा सरळ एकेरीवर येतो. रेव्हरंड सांभाळून घेतील.

डेल्मर स्टॅम्पर तुमच्यापैकी बऱ्याच जणांना आठवत असेल. उंच, बोलघेवडा, उभा जन्म कोळशाच्या खाणीत गेलेला. खाणीतून निवृत्त झाला तेव्हा फुप्फुसं त्या धुळीने काळी झालेली. डॉक्टरांनी काही लपवलं नव्हतं. घरी आल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर बंदुकीचं किट मागवलं. लांब नळी, गारगोटीचा चाप, पितळेचे तुकडे आणि मेपलच्या लाकडाचा अर्धवट कोरलेला दस्ता. नेवा, त्याची बायको, म्हणाली, "अरे, जिना चढताना तुला दोनदा बसावं लागतं आणि तू कानस चालवणार?" तो म्हणाला, "मी कशाला? ओरेन आहे की. मला ऑक्टोबरच्या नेमबाजीत तिचा एक बार काढायचा आहे. एकच."

ओरेनने ते काम आनंदाने अंगावर घेतलं. डेल्मर रोज त्याच्या शेडमध्ये दाराजवळच्या खुर्चीत बसे. ओरेन नळीला काजळी फासायचा, दस्त्याच्या खाचेत ठेवून उचलायचा आणि लाकडावर जिथे काळा डाग उमटेल तिथे पटाशीने खरवडायचा. पुन्हा काजळी, पुन्हा डाग. डेल्मर लांबून ओरडे, "माझ्या छातीचा फोटोही असाच येतो रे!" आणि दोघं हसत. हसता हसता डेल्मरला खोकला यायचा आणि मग ओरेन पटाशी हातात धरून खाली बघत उभा राहायचा.

मित्रहो, उन्हाळा संपता संपता ती बंदूक तयार होती. म्हणजे दारू भरून, गोळी ठासून बार काढता येईल इतकी तयार. शेडच्या मागे ओरेनने स्वतः ती उडवून पाहिली होती. त्याच दिवशी ती डेल्मरच्या हातात का दिली नाही? कारण चापाच्या कडेला पटाशी जराशी निसटली होती आणि तिथे नखाएवढी फट राहिली होती. आपल्या ओरेनच्या हातून फट! त्याने तिथे लाकडाची चीप बसवली. मग बंदूक जुनी दिसावी म्हणून पितळेची चमक उतरवली. मग दस्त्यावर नक्षी काढायला घेतली. नेवाने फोन केला, "ओरेन, उडते का ती?" "उडते गं, पण अजून हवी तशी दिसत नाही." "त्याला उडवायची आहे, बघायची नाही." "दहा-बारा दिवस दे मला."

आम्ही मंडळातले सगळे ती नक्षी बघायला जायचो आणि वाहवा करायचो. कुणीही त्याला थांबवलं नाही.

डेल्मर खुर्चीत यायचा बंद झाला. ओरेनला तेही कळत होतं. तरी नेमबाजीच्या आदल्या आठवड्यात त्याने नळीला जुना तपकिरी रंग यावा म्हणून औषध लावून ती ओलसर पेटीत टांगली. हा रंग म्हणजे गंजच असतो, तो हळूहळू चढवावा लागतो. गुरुवारी डेल्मर गेला. शनिवारी नेमबाजी होती. त्या दिवशी बंदूक उडवावी म्हटलं असतं तरी उडाली नसती. नळी पेटीत गंजत होती, आणि दस्ता बाकावर मोकळा पडला होता.

दफनानंतर नेवा शेडमध्ये आली. हे मला तिनेच सांगितलं आहे. ओरेन तिला म्हणाला, "मी दस्त्यावर चांदीची पट्टी बसवतो. त्याचं नाव कोरतो."

"नाव दगडावर कोरलंय, ओरेन. बंदूक दे."

"अजून थोडी घासायची..."

"तुला अजूनही कळलं नाही?" ती म्हणाली. ओरेन मटकन बाकावर बसला आणि लहान मुलासारखा रडला. नेवाने त्याची समजूत घातली नाही. तो शांत होईपर्यंत ती उभी राहिली आणि मग म्हणाली, "नळी जोड. आणि मला भरायला शिकव."

पुढच्या ऑक्टोबरात डेल्मरच्या जागी नेवा उभी राहिली. दारू मापली, तेलकट चिंधीत गोळी ठेवली, गजाने तळापर्यंत ठासली. नेम धरला, घोडा ओढला. कानावरची, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकावरची, रंजक दारू फुर्रकन उडाली, पण आतला बार झालाच नाही! ओरेन धावला. बंदुकीचं तोंड निशाणाच्या फळीकडेच ठेवून ती ओरडली, "हात लावू नकोस!" तशीच थांबली. मग स्वतःच सुईने कान मोकळा केला, नवी रंजक घातली आणि पुन्हा नेम धरला. या वेळी असा बार झाला की पलीकडच्या डोंगराने उत्तर दिलं. धूर विरल्यावर सगळे फळीकडे पाहू लागले. फळी कोरी. गोळी कुठे गेली देव जाणे.

नेवा हसत हसत गवतात बसली आणि हसता हसताच तिचे डोळे वाहू लागले. "एवढंच," ती म्हणाली, "एवढंच हवं होतं त्याला. गोळी निशाणाला लागलीच पाहिजे असं कुठे म्हणाला होता तो?" मग तिने दारूच्या काजळीने काळवंडलेली बंदूक ओरेनच्या हातात दिली. "घे. धू."

तेव्हापासून दर वर्षी ती उडवते आणि तो धुतो. आणि आपल्या मंडळाच्या बंदुका बनवायच्या वर्गात ओरेन नव्या माणसाला पॉलिश पेपरला हात लावू देत नाही. आधी बार काढून ये, म्हणतो. त्याचा हा नियम तऱ्हेवाईक आहे असं ज्यांना वाटत आलं, त्यांना आज त्याचं कारण कळलं असेल.

आता ओरेनची नजर अधू झाली आहे. काल मला भेटल्यावर तो तडक नेवाच्या घरी गेला आणि आजवर न विचारलेलं विचारून आला. नेवा या समोरच्या रांगेत बसली आहे, तिच्या परवानगीने सांगतो. त्याने विचारलं, "नेवा, मला माफ केलंस का?"

नेवा केकसाठी वाळवलेली सफरचंदं शिजवत होती. तिने पातेलं खाली उतरवलं आणि ती म्हणाली, "अजून पूर्ण नाही. ऑक्टोबरात ये. मग बघू."

ओरेनने ओहायोहून ऑक्टोबरात परत यायचं बसचं तिकीट आत्ताच काढून ठेवलं आहे.

आपण सर्वांनी इतका वेळ शांतपणे ऐकून घेतलंत, अध्यक्षबाईंनी घड्याळाकडे बघायचं टाळलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. माझ्या बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर पोटात घाला. मात्र माफीच्या रांगेत आज ओरेन माझ्या पुढे उभा आहे. त्याचा नंबर लागू द्या, माझी घाई नाही.