बारा चटके

चिमटेराव : सुरू कधी करताय, बाई? अर्ध्या दिवसाची रजा आहे माझी. त्यातली निम्मी तुमच्या बाकड्यावर गेली.

टेक्निशियन : मान हलवू नका. डोक्यावरच्या तारा सुटतील.

चिमटेराव : कुठे हलवतोय? नुसतं विचारतोय. ही चकती मनगटावर ठेवलीत, तिला पाच मिनिटं झाली. गरम कधी होणार ती?

टेक्निशियन : झाली.

चिमटेराव : काय झाली?

टेक्निशियन : गरम. बारा वेळा.

बायको : अहो बाई, थट्टा करताय का यांची?

टेक्निशियन : नाही. क्षणभर तापते आणि लगेच निवते. कातडी भाजत नाही, पण चटका चांगला बसतो. काल एक पहिलवान आले होते. दुसऱ्याच चटक्याला आईला हाक मारली त्यांनी.

चिमटेराव : पहिलवानांचं कौतुक मला सांगू नका. भट्टीपाशी उभा करा त्याला! बेकरीत मला चिमटेराव का म्हणतात, माहितीये? तापलेला ट्रे काढायला सगळ्यांना चिमटा लागतो. मला नाही. ही पाच बोटं पुरतात.

बायको : झालं, लागली टेप.

चिमटेराव : टेप काय? मालकांनी सत्कार केलाय माझा. ढाल दिलीय.

टेक्निशियन : चिमटा लागेनासा कधीपासून झाला?

चिमटेराव : तीन वर्षं झाली. त्याआधी मीही चारचौघांसारखाच होतो. एकदा घाईत विसरलो आणि तसाच ट्रे उचलला. काही नाही! सगळे बघतच राहिले. म्हटलं, एवढ्या वर्षांची मेहनत फळाला आली.

बायको : फोड यायचे की, बाई. रोज मी मलम लावायचे. तर हे म्हणायचे, फोड कातडीला येतो, माणसाला येत नाही.

टेक्निशियन : डॉक्टरांना हे सांगितलं होतं?

चिमटेराव : खांदा दुखतो म्हणून गेलो होतो मी. तिथे आपली कर्तबगारी कशाला सांगायची? बरं दिसतं का ते?

बायको : त्यांनी करंट देऊन तपासलं, ते नॉर्मल आलं. मग टाचणी टोचून बघितली. लगेच तुमच्याकडे पाठवलं. बाई, ही पडद्यावरची रेघ अशी सपाट का?

टेक्निशियन : चटका बसला की मेंदूत एक लाट उठते, ती तिथे दिसते. यांची उठलेली नाही.

चिमटेराव : मशीन बिघडलंय तुमचं.

टेक्निशियन : उजवा मोजा काढा.

चिमटेराव : दुखतोय खांदा आणि तपासताय पाय! चालू द्या. आमच्याकडे पण नवा माणूस आला की असाच कुठल्या तरी भलत्याच— आई आई आई गं! अहो बाई! जाळता का काय!

टेक्निशियन : ही बघा लाट.

(चिमटेराव आधी पायाकडे बघतात, मग हाताकडे.)

चिमटेराव : हातावर एवढंच लावलं होतं?

टेक्निशियन : एवढंच. अंशाचाही फरक नाही.

चिमटेराव : बारा वेळा?

टेक्निशियन : त्याआधी खांद्यावर बारा झाले, ते वेगळे. तेव्हा तुम्ही मालकांची नक्कल करून दाखवत होता.

चिमटेराव : पण चकती सरकवलीत ते मला कळत होतं हो! दर वेळी कळत होतं.

टेक्निशियन : कळणारच. आजाराचं नाव डॉक्टर सांगतील, मी सांगायचं नाही. पण एवढं सांगते. मज्जारज्जूतून स्पर्श एका वाटेने वर जातो; गरम, गार आणि टोचणं दुसऱ्या वाटेने. तुमची स्पर्शाची वाट चालू आहे, म्हणून करंटची तपासणी नॉर्मल आली. हातांची आणि खांद्यांची दुसरी वाट मध्येच अडलीय. कशाने अडलीय ते एमआरआयमध्ये दिसेल.

बायको : म्हणजे... सत्कार आजाराचा झाला?

चिमटेराव : नाव कोरलंय माझं ढालीवर.

बायको : बाई, थांबा जरा. खांद्यावरसुद्धा गरम कळत नाही यांना?

टेक्निशियन : नाही.

बायको : मी रोज शेकते त्यांचा खांदा. रबरी पिशवीने. हे म्हणतात, कोमट आहे गं, जरा वाढव. मी वाढवते. परवा म्हणाले, अजून कोमटच आहे. म्हणून काल उकळतं पाणी भरलं मी.

टेक्निशियन : पाठीवरचे डाग मी मघाशी बघितले. म्हणून चकती पुढच्या बाजूने लावली. मला वाटलं, भट्टीचे असतील.

बायको : मला घामोळं वाटलं. मी त्याच्यावर पावडर लावायचे. आणि परत शेकायचे.

चिमटेराव : अगं, रडतेस काय? मला कुठे काही कळलं?

बायको : त्यालाच रडतेय.

चिमटेराव : बाई, हे परत येईल का? गरम कळणं?

टेक्निशियन : डॉक्टरांना विचारा. कधी कधी ऑपरेशन करतात, ते पुढचं वाचवायला. हातातली ताकद अजून आहे तुमच्या, ती राखायची. गेलेलं परत येईलच असं मी म्हणणार नाही.

चिमटेराव : आणि बेकरी?

टेक्निशियन : भट्टीचं काम आजपासून बंद. चिमटा असला तरी बंद.

चिमटेराव : मग मी करू काय? गिऱ्हाइकाला पिशव्या देत उभा राहू?

बायको : राहा. त्या पिशव्यांनी काही पाठ भाजत नाही.

चिमटेराव : ...बाई, ते पायाला केलंत ना मघाशी. ते आणखी एकदा करता?

बायको : अहो, वेडबिड लागलं का?

चिमटेराव : दिवसभर भट्टीसमोर असतो गं मी. चटका म्हणजे काय, तेच विसरलो होतो.

टेक्निशियन : डावा पाय पुढे करा. तो तपासायचा राहिलाच आहे.